सगळ्यात जड कॅबिनेट

लाच म्हणतात त्याला, लाच! मी ह्यांच्या तोंडावर म्हणाले, "अहो, ही तर लाच झाली." तर हे शांतपणे म्हणाले, "लाच परक्याला देतात, कौसल्या. घरच्याला देतात ते बक्षीस." घ्या! आता ह्या माणसापुढे काय डोकं फोडायचं?

झालं असं, की आमच्या संघदीपला पुण्यात नोकरी लागली. कम्प्युटरचे गेम बनवणारी कंपनी आहे, आणि ह्यानं दिवसभर ते गेम खेळून त्यातल्या चुका शोधायच्या. मी म्हटलं, वा रे वा, इतकी वर्षं माझ्या भाजीतल्या चुका फुकट शोधल्यास, आता पगार घेऊन शोध. पोरगा खूप हसला. हे नाही हसले. हे इथल्याच सांवेर रोडच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतात. तिथल्याच शेठजींना सांगून पोराला ऑफिसात चिकटवायचं, असं ह्यांनी कधीचं ठरवून ठेवलेलं. दोन दिवसांनी जेवताना म्हणाले, "इथेच राहा संघू. तुला शाळेपासून तो गेमवाला कम्प्युटर पाहिजे होता ना? शनिवारी जाऊन घेऊ. फक्त पुण्याला नाही म्हणून टाक."

पोरानं हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. कंपनीला सोमवारी उत्तर द्यायचं होतं. आणि खरं सांगू? मला ह्यांचा राग आला होता, पण आतून वाटलंच, चला, बरं झालं, राहील घरात. एकुलतं एक लेकरू. ते गेल्यावर राजेंद्र नगरच्या त्या घरात आम्ही दोघं काय एकमेकांची तोंडं बघत बसणार?

शनिवारी तिघं जेल रोडच्या कम्प्युटर बाजारात गेलो. मला कम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही, पण ह्या दोघांना एकटं सोडलं तर दुकानातच जुंपेल, म्हणून मी सोबत. दुकान पियुषचं. संघदीपच्या शाळेत पुढच्या वर्गात होता तो, गोड बोलून माल खपवण्यात उस्ताद.

"अंकल, ये वाला देखो, सात रंग की लाइट है," त्यानं सुरुवात केली.

"लाईटीनं गेम फास्ट नाही होत भिया," आमचा पोरगा त्याला म्हणाला; इकडे भैयाचं भियाच होतं. "तो पैसा कार्डात टाक." मग मला समजावायला लागला. पडद्यावरचं चित्र काढण्याचं सगळं काम ते ग्राफिक्स कार्ड करतं. म्हणून आपल्यासारख्यांनी अर्धे पैसे एकट्या कार्डावर घालायचे, आणि बाकीचं सगळं ओढूनताणून बसवायचं.

"म्हणजे लग्नात खर्च जेवणावर करायचा, मंडपावर नाही," मी म्हटलं.

"हां मम्मी! तूच एकदम सही समजली."

काय खुलला होता हो चेहरा! एकेका पार्टसाठी पियुषशी भांडत होता. हा प्रोसेसर नको, तो दे, मागच्या वर्षीचा आहे पण कमी पैशात तेवढंच काम करतो. मी बघतच राहिले. घरात ह्याला गॅसवरचं दूध उतू जाताना दिसत नाही, आणि इथे स्क्रूसुद्धा पारखून घेत होता.

ह्यांचं वेगळंच चाललेलं. स्टोअरमध्ये जन्म गेलेला, त्यामुळे कुठलीही वस्तू आली की हातात घेऊन तोलायची सवय. रॅमची पट्टी तोलून म्हणतात, "एवढे पैसे? हिला तर वजनच नाही!" पियुष बिचारा हसू दाबत काउंटरखाली वाकला.

सगळं जमत आलं होतं. राहिला होता तो कॅबिनेट, म्हणजे हे सगळे पार्ट ज्यात बसवतात तो डबा. पियुषनं एक लहानसा आटोपशीर काढला. संघदीप म्हणाला, बस, हाच, आणि पैसे वाचतात म्हणून मनासारखं कार्ड पण बसतंय. त्यानं कार्डाचा खोका उचलून छातीशी धरलासुद्धा.

"सगळ्यात मोठा कुठला आहे?" ह्यांनी विचारलं.

पियुषनं आतून ओढत ओढत एक धूड आणलं. लोखंड आणि काच, आमच्या कपाटाचा धाकटा भाऊ. ह्यांनी तो उचलून बघितला, कानापर्यंत लाल झाले, आणि म्हणाले, "हा घ्यायचा."

"पण पप्पा, मग कार्ड हलकं घ्यावं लागेल."

"चालेल."

"अंकल, भारी बहुत है," पियुष म्हणाला. "एक बार रख दिया तो फिर हिला नहीं पाओगे."

"तेच तर पाहिजे," हे बोलून गेले.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि असा काही भडका उडाला म्हणता! मी म्हणाले, "मग साखळीच दाखवा ना पियुषजी! पोराच्या पायात बांधायला. कम्प्युटर कशाला पाहिजे?"

ह्यांचा हात त्या कॅबिनेटवर तसाच राहिला, आणि तोंड एवढंसं झालं. माझंच मला वाईट वाटलं. चारचौघांत बोलायला नको होतं.

संघदीपनं वडिलांकडे बघितलं. मग हळूच म्हणाला, "राहू दे मम्मी. पप्पा, हाच घेऊ. मी कंपनीला नाही म्हणून कळवतो." आणि हातातला कार्डाचा खोका त्यानं काउंटरवर ठेवून दिला.

झालं की हो माझ्या मनासारखं! राहणार होता पोरगा. आणि मला मात्र तो काउंटरवरचा खोका बघवेना.

पियुषनं दुसरं, हलकं कार्ड पुढे केलं. "ये चलेगा?"

"काहीपण चालेल," संघदीप म्हणाला. त्यानं त्याकडे बघितलंही नाही.

ह्यांनी ते ऐकलं. आत्तापर्यंत स्क्रूसाठी भांडणारा पोरगा, आणि आता काहीपण चालेल? हे स्टुलावर बसले. पाणी मागितलं, सावकाश प्यायले. ग्लास खाली ठेवून पियुषला म्हणाले, "वो छोटावाला निकालो वापस. रेल में जाएगा ना, सीट के नीचे?"

"पप्पा..."

"पप्पा-बिप्पा काही नाही. ते कार्ड उचल आधी, दुसरं कोणीतरी घेऊन जाईल."

पोरानं कार्ड उचललं. मग ह्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. मी पदरानं डोळे पुसले आणि पियुषला दरडावलं, की आता तरी भाव नीट लाव.

बिल होत होतं तेव्हा ह्यांनी हळूच विचारलं, "कुछ बिगड़ गया, तो यहीं लाना पड़ेगा ना?"

"अरे नहीं अंकल, टेंशन ही मत लो! पुणे में भी सर्विस सेंटर है, वहीं के वहीं हो जाएगा."

एवढी चांगली बातमी, आणि ह्यांचा चेहरा असा उतरला की विचारू नका.

"नाही भिया," संघदीप म्हणाला. "काही झालं तर मी इथेच आणणार. पुण्यात कोणाला हात लावू देणार नाही."

"हां," हे म्हणाले. "आपल्या माणसाकडेच आणावं."

मी आई आहे. पोराच्या वस्तूला दृष्ट लागू नये, असंच मी म्हणायला पाहिजे. पण तिथे उभ्या उभ्या मी मनात म्हटलं, चौदा एप्रिलला आम्ही सगळे जयंतीला महूला जातो, त्याच्या आत ह्यातलं काहीतरी एक बिघडू दे. छोटंसंच.