काढणाऱ्याचा फोटो

"पावणं, पेपरातनं आलाय व्हय?"

पेठ वडगावच्या शाळेच्या फाटकाशी शिपायाने विचारले आणि आकाराम चव्हाणने गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे बघून मान हलवली. आपण खोटे बोललो हे लक्षात येईपर्यंत शिपाई पुढे ओरडत गेला होता, "वाट सोडा रं, पेपरवालं आल्यात."

कॅमेरा जेमतेम मुठीत मावेल एवढा, चंदेरी, डिजिटल. दोन हजार तीन साली आकाराम सरकारी दवाखान्यातून एक्स-रे टेक्निशियन म्हणून निवृत्त झाला, तेव्हा त्याने तो स्वतःसाठी घेतला होता. बायको, तानाबाई, त्याआधीच गेलेली. घर रिकामे, दिवस लांब. रोज सकाळी रंकाळ्यावर जाऊन तो पाणकोंबड्या, म्हशी, फिरायला आलेली माणसे टिपायचा आणि घरी येऊन एकेक पुन्हा बघायचा. फिल्म धुवायची नाही, औषधाचा वास नाही, हे दोन वर्षांनंतरही त्याला पुरते खरे वाटत नसे. माणसांचे फोटो मात्र ताठ यायचे. बटण दाबण्याआधी बत्तीस वर्षांच्या सवयीने त्याच्या तोंडून निघून जायचे, "श्वास घ्या... धरा." माणसेही धरायची.

इथे यायचे सुचवले ते आक्काने, त्याच्या थोरल्या बहिणीने. ती गडमुडशिंगीला असे. "शाळंत शास्त्राचं परदर्शन हाय," ती म्हणाली होती. "संयोगिता तिथं शिकवती, तिची पोरगीबी तिथंच हाय. जा, फोटू काढ. फोटू काढणाऱ्याला कशाला आलास म्हणून कोण इचारत न्हाय." मग शेंगा सोलता सोलता, त्याच्याकडे न बघता, "बारा वर्सं झाली. मी मेल्यावर तुला हे सांगायलाबी कोण न्हाय."

संयोगिता त्याची एकुलती एक मुलगी. अतुल कांबळे नावाच्या शिक्षकाशी लग्न करणार म्हणून तिने सांगितले, तेव्हा आडनावाच्या पुढचे आकारामने ऐकलेच नाही. दवाखान्यात कांबळ्यांच्या आणि चव्हाणांच्या बरगड्या तो रोज एकाच टेबलावर घेत होता. घरात ते चालले नाही. तिचा फोटो त्याने भिंतीवरून काढला आणि फाडला. तानाबाई वारली तेव्हा संयोगिता आली, अंगणात उभी राहिली. त्याने मान वर केली नाही. तेव्हा ती कशी दिसत होती हे आता त्याला सांगता आले नसते. एकदा तिला नीट बघावे, आणि जमलेच तर तिनेही आपल्याकडे बघावे, एवढ्यासाठी तो दुपारच्या एसटीने आला होता.

"काका, आमचा काढा की."

दोन वेण्यांची, सावळी मुलगी. तिच्यासमोर बूड कापलेली प्लास्टिकची बाटली, आत दोन फुगे, खाली ताणून बांधलेला रबर. पुढ्यात पुठ्ठा उभा केला होता: श्रुती अतुल कांबळे, पाचवी ब.

आकारामने पुठ्ठा दोनदा वाचला. "हे काय हाय?" त्याने विचारले.

"ही छाती. ही दोन फुप्फुसं. खालचा पडदा ओढला की हवा आत येती."

"का येती?"

"आत जागा वाढती, मग दाब कमी व्हतो. म्हणून बाहेरची घुसती." तिने त्याला वरपासून खालपर्यंत बघितले. "नीट लिवून घ्या. गेल्या वर्षी पेपरात उलटं छापलतं."

"न्हाय उलटं करत. ओढ खाली. हां... धर."

फुगे फुगून राहिले. तिने स्वतःचेही गाल फुगवून धरले. त्याने बटण दाबले. "सोड," तो म्हणाला, आणि त्या शब्दाला मागे तक्ता टांगत असलेली बाई वळली.

कानशिलाजवळ तिचे चार केस पांढरे झाले होते. आक्काने एवढे सगळे सांगितले, हे सांगितले नव्हते.

तेवढ्यात मुख्याध्यापक आले. "या साहेब. ह्या आमच्या विज्ञानाच्या कांबळे मॅडम. मॅडम, हे पेपरातनं आलेत. आपलं नाव?"

"चव्हाण."

"नमस्कार," संयोगिता म्हणाली. त्यानेही हात जोडले. कॅमेरा दोन्ही तळहातांच्या मध्ये आला.

"मॅडम, लेकीशेजारी उभ्या ऱ्हावा. एक काढतील."

ती उभी राहिली. तिचा हात मुलीच्या खांद्यावर होता. कॅमेऱ्याच्या पडद्यावर तिचा चेहरा अंगठ्याच्या नखाएवढा दिसत होता. ती समोर बघत होती. भिंगाकडे की भिंगामागच्या माणसाकडे, हे एवढ्याशा पडद्यावर कळण्यासारखे नव्हते. या वेळी त्याच्या तोंडून काही निघाले नाही. त्याने नुसतेच तीनदा बटण दाबले.

"उद्याच्या अंकात येईल न्हवं?" मुख्याध्यापकांनी विचारले.

आकाराम कॅमेऱ्याच्या दोरीशी चाळा करत राहिला.

"सर, ते यांच्या हातात नसतं," संयोगिता म्हणाली. "जागा असली तर छापतात." मग त्याच्याकडे वळून, परक्या माणसाशी बोलावे तशी, "कॉप्या मिळतील का?"

"बिनखांबी गणेश मंदिरापाशी पिराजीचा स्टुडिओ हाय. तिथं ठेवतो. कवाबी या."

"बघते."

तिने त्याला सर म्हटले नाही, लहानपणीसारखे तात्याही म्हटले नाही. हलगीचा आवाज सुरू झाला, कुणीतरी पाहुणे आले असावेत, आणि ती मुलांना रांगेत लावायला निघून गेली.

फोटो त्याने मोठे करून घेतले. पाकिटावर नुसते 'कांबळे मॅडम' लिहिले. त्यानंतर रोज संध्याकाळी तो मंदिराच्या बाजूने भाजीला जाऊ लागला. रोज काचेतून पाकीट दिसायचे. तीन आठवड्यांनी एका रविवारी ते दिसले नाही.

"पिराजी, पाकीट?"

"आलती की ती बाई. पोरगीबी होती संगं." पिराजी कातरीने कडा कापत बसला होता. "पोरगी म्हणाली, पेपरात आलं न्हाय ते बरंच झालं, माझं गाल बघा कसं दिसतंय."

"आणि बाई?"

"सगळं एकेक बघितलं. मग म्हणाली, काढणाऱ्याचा हाय का एखादा? म्हटलं, बाई, काढणारा कसा असंल त्यात?"

"परत येते म्हणाली?"

"तसं काय बोलली न्हाय."

आकाराम काउंटरपाशी उभा राहिला. घरच्या कॉम्प्युटरवर त्याने काढलेले दोन हजार चारशे फोटो होते. त्यांत तो कुठेच नव्हता. हे त्याला माहीत होते, पण कुणी मागितल्याशिवाय ते उणे वाटले नव्हते.

"माझा एक काढ."

"पेन्शनच्या कागदाला? आठ येत्यात एका पानावर."

"न्हाय. एकच. मोठा."

"भिंतीवर लावायला? एवढ्यात?" पिराजी हसला.

"हितंच ठेव. कुणी मागितला तर दे."

पिराजी हसायचा थांबला. त्याने आत नेऊन आकारामला स्टुलावर बसवले आणि दिवे लावले. हात कुठे ठेवावेत हे आकारामला समजेना. त्याने ते मांडीवर ठेवले, मग पाठीमागे घेतले, मग पुन्हा मांडीवर. पिराजीने जवळ येऊन त्याची कॉलर सारखी केली आणि दोन बोटांनी हनुवटी जराशी वर उचलली.

तानाबाई गेल्यापासून त्याच्या चेहऱ्याला कुणाचा हात लागला नव्हता. पिराजी कॅमेऱ्याकडे परत गेला. आकारामने हनुवटी तशीच ठेवली.