कडू पाण्यातली निळी रेघ

रेघा मी पाहिल्या होत्या. दोन, निळ्या, एकमेकींना खेटून. पण मिठाच्या कढईवर राबणाऱ्या बाईच्या डोळ्यांवर कोण विश्वास ठेवतो?

आमच्या ऱ्हाईन नदीकाठच्या झऱ्याचं खारं पाणी आटवून आम्ही मीठ काढतो. त्या उन्हाळ्यात डॉक्टर रोमबाख दिवा आणि नळी घेऊन कारखान्यात आले. पदार्थ तारेवर घेऊन ज्योतीत धरायचा, उजेड नळीतल्या काचेतून बघायचा, की रंगीत रेघा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघा ठरलेल्या. अनोळखी रेघ दिसली की मूलद्रव्य नवं. आमच्या कारखान्याच्या मास्तरनं, गोटलोबनं, त्यांना सगळ्यात पांढरं मीठ दिलं. बैलाचं रक्त घालून मळ काढलेलं, तीनदा धुतलेलं. पाहुण्यापुढे गाळ कोण ठेवतो! दहा दिवस डॉक्टरांना पिवळी रेघच दिसली. मिठाची.

अकराव्या दिवशी ते जेवायला गेले, तेव्हा मी त्यांची तार माझ्या झाऱ्यातल्या मिठातून गळणाऱ्या कडू पाण्यात बुडवली, ज्योतीत धरली आणि नळीला डोळा लावला. पिवळीपासून लांब, त्या दोघी. मी हाक मारली, पण ते धावत येईपर्यंत थेंब जळून गेला होता; दुसऱ्या थेंबात नुसती पिवळीच.

"काही नाही इथे," डॉक्टर म्हणाले.

"डोळ्यात मीठ गेलं असेल तिच्या," मास्तर हसला. "अपोलोनिया, कढई हलव. उद्या तुला देवदूत दिसतील."

"देवदूत दिसले तर तुम्हाला ओळखीचे वाटणार नाहीत, मास्तर."

डॉक्टरांनी सामान बांधायला घेतलं. महिनाभर थांबा म्हटलं, तर वर बघितलंसुद्धा नाही. मग मी नळीची पेटी उचलली आणि तिच्यावर बसले. शेवटी ते वैतागून थांबले.

आमच्याकडे शनिवारी कढई रिकामी करतात. मीठ निघाल्यावर उरलेलं कडू पाणी ओढ्यात. बापजाद्यांनी तेच केलं. त्या शनिवारपासून मी ते हेरिंग माशांच्या रिकाम्या पिंपांत भरू लागले. मास्तरनं पिंपाला लाथ मारली. मी पिंपासमोर उभी राहिले, दुसरी लाथ माझ्या नडगीवर बसली. चार शनिवार. मग ते सगळं पुन्हा आटवलं. शिफ्ट संपल्यावर, माझ्याच लाकडांवर. खाली काकवीसारखं दाट उरलं, ते पुन्हा पिंपात भरलं.

डॉक्टरांनी तार बुडवली. नळीला डोळा लावला तो काढेचनात. "निळ्या," ते पुटपुटले. "दोन. या कोणाच्याच नाहीत. मला सापडलं!"

"तुम्हाला?"

"आता मला हे सगळं पिंप लागेल, बाई. मूलद्रव्य वेगळं काढायचं तर अशी पन्नास."

मी पिंपावर झाकण ठेवलं आणि वर बसले.

"आधी मास्तरला बोलवा. त्याच्यादेखत सांगा कुणी पाहिल्या. मग तुमच्या वहीत तेच लिहा, आणि मला वाचून दाखवा."

"वेडी आहेस का? हे विज्ञान आहे!"

"असेल. पाणी माझ्याकडे आहे."

डॉक्टरांनी वही उचलली. मग दारापर्यंत गेले आणि ओरडले, "गोटलोब! इकडे या. टोपी काढून या."