गालिच्यामागचा आकडा

पुण्यात वीस वर्षं गालिच्यांच्या दुकानात काढली, त्यामुळे कुठंही गालिचा दिसला की माझे हात शिवशिवतात आणि जीभही. माझ्या भाच्यासाठी, सौरभसाठी, मुलगी बघायला आम्ही कोऱ्हाळ्याहून कळंबला गेलो, त्या दिवशी दोन्हींना आवर घातला असता तर एक लग्न जमलं असतं.

प्रतिक्षा त्याला आवडली होती. पोहे देताना तीही त्याच्याकडं बघून हसली. सौरभचे वडील सर्जेराव, म्हणजे आमचे दाजी, साखरपुड्याच्या तारखेवर आले होते. बैठकीला लाल गालिचा अंथरला होता.

"इराणी हाय," मुलीचे वडील कौतुकानं म्हणाले. "आमचे आबा पुण्याला नोकरीला व्हते, तवाचा."

झालं. मी कडेच्या दशा चाचपल्या, लोकर चिमटीत धरली. मुलीची आजी चंद्राबाई एका कोपऱ्यावर बसल्या होत्या.

"आजी, जरा सरका."

"ऱ्हाऊ द्या की पाव्हणं. जुनं हाय ते."

मी कसला ऐकतोय. त्या सरकल्या आणि मी कोपरा उलटला.

"हातगाठीचा हाय," मी सगळ्यांना शिकवायला लागलो. "पाठीमागंबी नक्षी तितकीच साफ दिसतीय बघा. पण इराणी न्हाय. नक्षी तिकडची, काम आपल्या तुरुंगातलं. ह्यो निळ्या दोऱ्यानं भरलेला आकडा, चारशे सतरा, विणणाऱ्या कैद्याचा नंबर. अशा मालाला आता लई भाव हाय."

भावाचं कुणी विचारलं नाही. सर्जेराव म्हणाले, "आबा कसल्या नोकरीला व्हते म्हणालात?"

मुलीच्या वडिलांनी आपल्या आईकडं बघितलं. चंद्राबाईंनी पदर सारखा केला.

"बांधावरनं मारामारी झालती. सात वर्षं आत व्हते. सुटताना तिथल्या सायबानं त्यांच्याच हातचा गालिचा त्यांना दिला. पोरीला ह्यातलं काय ठावं न्हाय."

प्रतिक्षा दारातच उभी होती.

सर्जेराव उठले. "कळवतो," म्हणाले. आमच्याकडं हा शब्द नकारालाच वापरतात.

गाडीत ते मला म्हणाले, "बरं झालं तुमी संगं व्हता." मागच्या सीटवर सौरभ खिडकीबाहेर बघत होता. माणूस शिक्षा भोगून आला, मरूनही गेला, त्यात पोरीचा काय दोष, एवढं मला बोलता आलं असतं. पण नको तिथं चाललेलं माझं तोंड तेव्हा बंद राहिलं. मी नुसतं "हं" म्हणालो. त्याची लाज अजून वाटते.

महिन्याभरानं चंद्राबाईंचा फोन आला. "पाव्हणं, इंदापूरचं स्थळ यायचंय. तेवढा आकडा काढून देता का? तुमाला जमतंय न्हवं."

सुई आणि बारीक कात्री घेऊन गेलो. त्यांनी कोपरा स्वतःच उलटून धरला. मी एकेक टाका उसवू लागलो.

"माझं चुकलं, आजी."

"तुमी कुठं खोटं बोललात."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"दुसरं काहीतरी अंथरा की," मी म्हणालो.

"न्हाय. नातीच्या बैठकीला त्यांच्याच हातचं पायजे."

आकडा निघाला. निळे तुकडे मुठीत घेऊन मी टाकायला उठलो. "हितं द्या," म्हणत त्यांनी ते घेतले आणि पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवले.

"आता कुणी इचारलं तर इराणी म्हणायचं न्हवं?"

"व्हय," मी म्हणालो.