शेवंताबाईच्या हातचं पाणी

मी एक जुना तुंबा आहे, मित्रांनो. तुंबा म्हणजे वाळवलेला कडू भोपळा. तुमच्या आज्याच्या काळी शेतात पाणी न्यायला माझे भाऊबंद घरोघरी असत. माझा जन्म खैरलांजीकडच्या एका गावात, महागूबाबांच्या शेळ्यांच्या कोठ्यावर, म्हणजे गोठ्यावर चढलेल्या वेलावर झाला. बाबांनी माझं तोंड कापलं, बिया काढल्या, महिनाभर पाण्यानं खंगाळून माझा कडूपणा घालवला आणि वरून दोरीची जाळी विणली. मोहाच्या फांदीला मला टांगून ते धान कापत आणि दमले की घटाघटा पीत. फ्रीजच्या पाण्याला ही चव नाही, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. मी आपला फुगून जाई.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या पोटाला चीर गेली. जाळीखाली ती दिसत नसे, पण पाणी भरलं की घंटाभरात गळून जाई. तळाशी दोन बोटं पाणी उरे. मग बाबांची विधवा सून शेवंताबाई त्यांना सकाळी प्लास्टिकच्या बाटलीत पाणी देऊ लागली. बाबा मला सवयीनं फांदीला टांगत, पण रिकामाच. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

शेजारचा तेजराम दरवर्षी नांगरताना बाबांचा धुरा, म्हणजे दोन शेतांमधला बांध, वीतभर कोरायचा. यंदा बाबा मोजणीचा अर्ज देणार होते. तरी कापणीत शेजाऱ्यांनी धुऱ्यावर बसून सोबत चहा प्यायचा, ही आमच्याकडची रीत बाबांनी मोडली नाही. त्या दुपारी तेजरामनं बाबांच्या कपात धानावर फवारायचं औषध टाकलं. बाबा कोसळले तशी त्यानं चहाचा कप आणि पाण्याची बाटली नहरात, म्हणजे कालव्यात, फेकली आणि विष पाण्यातून गेलं असं वाटावं म्हणून उरलेलं औषध माझ्यात ओतलं. मी सारं पाहत होतो. मला तोंड आहे, पण ते नुसतं पाणी ओतायला. काय करणार!

बाबा गेले. तुंब्यात औषध निघालं, अन् पाणी देणारी सून. गावाचा निकाल लागला. तुंबा गळका आहे, मी त्यात पाणी देतच नाही, असं ती बिचारी रडून रडून सांगे, पण ऐकतो कोण? हापशीवर तिचा गुंड, म्हणजे घागर, लागला की बाया आपली भांडी मागं ओढत. तिच्या हातचं पाणी कोणी पिईना. आठ दिवसांनी ठरलं, की ठाणेदारसाहेब तिला अटक करणार.

ठाण्यात नागसेन नावाचा एक साधा शिपाई होता, धान पिकवणाऱ्याच घरचा. तपासणीहून मी परत आलो तेव्हा त्यानं मला उलटंपालटं करून पाहिलं. औषधाचा डाग फक्त तळाशी, दोन बोटं. तुंबा भरलेला असता तर डाग वरपर्यंत दिसला असता, मग ती बाई खरंच सांगत असेल का, या विचारात तो पडला. दुसऱ्या दिवशी साहेबांना विचारून तो मला घेऊन गावात आला, पाच माणसं मोहाखाली बसवली, शेवंताबाईकडून मला काठोकाठ भरून घेतलं आणि फांदीला टांगलं. मग सगळ्यांचे जबाब सावकाश लिहीत बसला. शेवटी तेजरामची पाळी आली.

"पाह्यलं ना मी," तेजराम म्हणाला. "दुपारी गच्च भरला होता तुंबा. बाबा दोन्ही हातानं उचलून पेला."

नागसेननं मला उतरवून त्याच्या हाती दिलं. मी हलका झालो होतो. खालची माती ओली होती.

"हा घंटाभरात रिता झाला, तेजराम. सकाळी भरलेला तुंबा तुले दुपारी गच्च कसा दिसला?"

तेजरामनं मला खाली ठेवलं. मग तो धुऱ्यापायी आपणच चहात औषध घातलं, असं हळूहळू सांगू लागला.

शेवंताबाई आपला गुंड घेऊन बाजूला उभी होती. नागसेन तिच्यासमोर बसला आणि त्यानं ओंजळ केली.

"वहिनी, तहान लागली. पानी द्या मले."

तिनं गुंड वाकवला, निम्मं पाणी त्याच्या वर्दीवर सांडलं. तो पोटभर प्याला. मग बघायला जमलेल्या हापशीवरच्या बाया एकेक करून पुढं आल्या, मान खाली घालून, अन् त्यांनीही ओंजळ केली.

आता मी ठाण्याच्या मालखान्यात आहे, गळ्यात चिठ्ठी बांधलेला. मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं आम्ही नेहमी सांगतो. माझं मागणं वेगळं आहे. कोणाकडे बोट दाखवण्याआधी तो काय सांगतो ते एकदा पडताळून पाहा. मला उचलून तांब्याभर पाणी ओतायचं होतं, बस्स. आठ दिवस ती बाई एकटीच रडत होती, आणि सासऱ्याच्या मयतीला तिला कोणी जवळसुद्धा येऊ दिलं नाही.