दाब सोडू नकोस

दोघी बहिणींना नर्सिंगलाच जायचं होतं. प्रवेश मिळेपर्यंत हात रुळावेत म्हणून मावशीने, जी स्वतः नर्स होती, दोघींना कामाला लावलं. थोरली लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेऊ लागली, धाकटी अपघात विभागात अटेंडंट झाली. जेवायला बसल्या की जुंपलीच.

"मी शीर शोधायला शिकतेय. तू काय, बेडपॅन उचलायला?" थोरली डिवचायची.

"तुझ्याकडे माणसं चालत येतात, ताई. माझ्याकडे उचलून आणतात."

त्या दुपारी पोटात सुऱ्याने भोसकलेला एक पोरगा आणला. इनचार्ज सिस्टरने धाकटीचे दोन्ही हात जखमेवर ठेवले. "दाब. काही झालं तरी सोडू नकोस."

हाताखालची गॉजची घडी भिजली, कोपरापर्यंत रक्त आलं. तेवढ्यात लाथेसरशी दार उघडलं. ज्याने भोसकलं होतं, तोच काम पुरं करायला आला होता. वॉचमन आडवा आला, तर त्याचं नाक फोडलं. सिस्टर पुढे झाली, तर तिच्या दंडावर सुरा ओढला.

धाकटीने हात सोडले. सलाईनचा स्टँड उचलला आणि फिरवला. मनगटाचं हाड कडकन मोडलं, सुरा फरशीवर पडला. दुसरा फटका डोक्यात बसला, तो कोसळला. पडलेल्यालाही तिने हाणलं, पुन्हा हाणलं. सिस्टरने मागून एका हाताने कवेत ओढलं तेव्हा कुठे ती थांबली.

"पुरे! जीव घेशील त्याचा!"

डॉक्टर धावत आले, पोरग्याला ऑपरेशनला नेलं. तो वाचला. फरशीवर उरला तो दुसरा. कवटीवरची कातडी फाटून लोंबत होती, रक्त थांबत नव्हतं.

"दाब," सिस्टर म्हणाली. तिच्या स्वतःच्या दंडातून रक्त ठिबकत होतं.

"मी?"

"मग कोण? माझा हात चालत नाहीये."

धाकटी गुडघ्यांवर बसली आणि दाबून धरलं. त्याचे केस ओले, गरम लागत होते.

पोलिसांनी जबाब घेतला, पाठ थोपटली. जो तो वाघीण म्हणत होता. ती नखांत सुकलेलं रक्त बघत होती.

घरी थोरलीने तिची नखं घासून काढली. "माझ्याकडे लॅबमध्ये ये. जागा आहे."

"ताई, पहिल्याच फटक्यात सुरा पडला होता."

"मग?"

"मग मारताना मला बरं वाटत होतं."

थोरलीने ब्रश खाली ठेवला. ती म्हणाली, "हे मावशीला सांग. पण आधी थोडं खाऊन घे."

मावशीने सगळं ऐकून घेतलं. "लॅबमध्ये गेलीस तर चुकलीस असं कुणी म्हणणार नाही," एवढंच ती म्हणाली.

दोन दिवसांनी धाकटी कामावर गेली. तिने मारलेला तो पोलीस पहाऱ्यात पडून होता, त्याची चादर बदलायची होती. तिला पाहताच त्याने प्लास्टरचा हात तोंडावर आडवा धरला.

"कूस बदलायची आहे," ती म्हणाली, आणि त्याचा हात खाली येईपर्यंत तशीच उभी राहिली.