हलक्या हाताने बसवलेली मेमरी

ढब्बूबाई झोपली की आमच्या घरातले सगळे चोरासारखे वागतात. ढब्बूबाई म्हणजे माझी लेक. नाव तिच्या आजीने ठेवलंय आणि ते तिच्या गालांना शोभतं. तिची झोप मात्र अगदी कागदासारखी, जरा खुट्ट झालं की फाटली. म्हणून मी फ्रिजचं दार कमरेने हळूच रेटते. चमचा ओट्यावर ठेवत नाही, टेकवते. सासूबाईंना शिंक आली तर त्या बाल्कनीत पळतात. नवरा कुलपात किल्ली अशी फिरवतो, जणू शेजाऱ्याचं घर फोडतोय.

त्या दुपारी या शांततेत मी आमचा जुना कॉम्प्युटर जेवणाच्या टेबलावर आडवा पाडला होता. नवी डिस्क आणि मेमरी विकत आणली होती, आणि ती बसवायला आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या पोटात हात घालणार होते.

"अगं, दुकानातला माणूस बोलव ना," सासूबाई कुजबुजल्या.

"तो परवा येतो म्हणालाय, आई. मॅडमना आज संध्याकाळी उत्तर हवंय."

मॅडम म्हणजे माझ्या जुन्या ऑफिसातल्या. दुकानांची आतली मांडणी मी तिथे आखायचे: काउंटर कुठे, फळ्या किती उंच, दिवा कुणाच्या डोळ्यांवर येणार नाही. बाळंतपणाआधी ते सुटलं. आता मॅडम घरून काम द्यायला तयार होत्या, फक्त ऑफिसने घेतलेलं नवं सॉफ्टवेअर माझ्या मशीनवर चालायला हवं होतं. त्यांनी एका दुकानाची फाइल पाठवली होती. ती उघडायला गेलं की आमचं धूड धापा टाकायचं, पडदा पांढराफटक पडायचा आणि मशीन ढिम्म. आज जमलं नाही तर काम दुसऱ्या मुलीला जाणार होतं. मॅडमना तरी काय बोलणार, त्यांच्याही मानगुटीवर गिऱ्हाईक बसलेलं. पण माझे हात किती शिवशिवत होते! कामच नाही म्हणून मी सासूबाईंच्या डब्यांची मांडणी मनातल्या मनात रोज बदलायचे.

सकाळी नवरा बूट घालता घालता म्हणाला होता, "आणि बिघडलं तर?"

"बिघडलं तर टेबलाखाली पाय ठेवायला होईल. आत्ताही तेवढ्यालाच उपयोगी आहे."

"बरं बाई, तू डॉक्टर. मी नातेवाईक."

मी वायर काढली, अंगातली वीज जावी म्हणून पत्र्याला हात लावला आणि बाजूचं झाकण सरकवलं. आत धूळ अशी की बी टाकलं असतं तर उगवलं असतं. माझ्या लग्नातला पावडर लावायचा ब्रश कपाटात नुसता पडून होता, तो कामी आला. फुंकर मारायची सोय नव्हती, आवाज झाला असता. ब्रश फिरत गेला तसतसं हिरवं बोर्ड उजळलं. त्यावर बारीक बारीक चौकोन, त्यांच्यामधून गेलेल्या सोनेरी रेघा. मला ते वरून पाहिलेल्या शहरासारखं वाटलं. हे एवढं सगळं आपल्या टेबलाखाली होतं आणि आपण त्यावर झाडूसुद्धा फिरवला नाही!

"आई, बघा तरी!"

सासूबाईंनी वाकून पाहिलं. "छान आहे. आता हे परत जागच्या जागी बसणार का तेवढं सांग."

नवी डिस्क सहज बसली. जुन्या डिस्कवरचं सगळं मी आदल्या दिवशीच, बाहेरून वायर जोडून, तिच्यावर उतरवून घेतलं होतं. दोन वायरी, दोन्ही एकाच बाजूने शिरणाऱ्या. चुकायचं म्हटलं तरी चुकता येईना. मग मेमरीच्या पट्ट्या. कडेचे चाप उघडून जुन्या काढल्या, नव्या पट्टीची खाच जुळवली आणि अलगद दाबली. दुसरीही तशीच. जराही आवाज नाही. स्वतःची पाठ थोपटावीशी वाटत होती.

वायर लावली, बटण दाबलं. पंखे गरगरले. माझ्या छातीतलाही एक गरगरला.

आणि मशीनने टाहो फोडला. लांबलचक पीऽऽप, थांबून पुन्हा पीऽऽप. पडदा काळाकुट्ट. मी झडप घालून वायर उपटली. आतल्या खोलीत ढब्बूबाईने कूस बदलल्याचं ऐकू आलं. सासूबाई धावल्या, थोपटून परत आल्या.

"मेलं का ते?"

"माहीत नाही, आई."

मी नवऱ्याला फोन लावला. तो त्याच्या ऑफिसच्या जिन्यात येऊन बोलत होता. "जुन्या पट्ट्या परत लाव. निदान पहिल्यासारखं तरी होईल."

"पहिल्यासारखं झालं तर काम गेलं ना."

"मग दुकानात घेऊन जाऊ, परवा."

"परवा काय त्याचं श्राद्ध घालू?" मी फोन ठेवला. डोळे भरून येत होते, पण रडायलाही आवाज होतो.

मी मोबाइलचा दिवा लावून पट्ट्यांपाशी नाक नेलं. चाप एका बाजूला बंद, दुसऱ्या बाजूला अर्धवट उघडे. पट्टी आत पूर्ण गेली असती तर चाप आपोआप मिटले असते. मिटताना खट्ट वाजले असते. आणि तोच आवाज होऊ नये म्हणून तर मी अंगठा मध्येच थांबवला होता! ठरवून नव्हे. इतक्या महिन्यांत हातांना सवयच लागली होती, काहीही वाजायच्या आधी थांबायची.

मी आतल्या दाराकडे पाहिलं. सासूबाईंच्या लक्षात आलं.

"जोर लावावा लागणार?"

"हो. वाजेल."

"मग वाजू दे. उठली तर उठली. मी आहे ना. मिक्सरचं भांडं बसवतेस तसं बसव."

मी उभी राहिले. दोन्ही अंगठे पट्टीच्या टोकांवर ठेवले आणि दाबलं. बोर्ड किंचित वाकलं. अजून दाबलं.

खट्ट!

"अगं बाई, मोडलं?"

"नाही आई, बसलं! बसलं!" मी चक्क ओरडले. दुसरी पट्टी. खट्ट! आतल्या खोलीतून ढब्बूबाईचा भोंगा सुरू झाला. सासूबाई धावता धावता म्हणाल्या, "आता अडवू नकोस हात. लाव वायर, दाब ते बटण!"

पंखे गरगरले. एकच छोटासा पिप, आणि पडदा उजळला. मी खुर्चीत नीट टेकतेय तोवर मशीन सुरू होऊन माझ्या तोंडाकडे बघत बसलं होतं. दुकानाची फाइल उघडली. भिंती उभ्या राहिल्या, फळ्या लागल्या, छताला दिवे आले. माउस फिरवला तसं अख्खं दुकान माझ्यासमोर भिंगरीसारखं फिरलं.

सासूबाईंनी लालबुंद, नाक गळणारी ढब्बूबाई माझ्या मांडीवर आणून ठेवली. मी तिला एका हाताने धरून मॅडमना फोन लावला.

"मॅडम, उघडली. फिरतेय. दिवे लावूनही बघितले."

"खरंच? त्या जुन्या डब्यावर? आणि मागे कोण किंचाळतंय?"

"लेक आहे. मीच उठवलं तिला."

त्या हसल्या. "बरं, मग ऐक. गिऱ्हाईकाला काउंटर दारासमोर नकोय. दुसरी जागा शोध आणि आजच पाठव. पुढची दोन दुकानंही तुझ्याकडेच देते."

फोन ठेवून मी काउंटर उचलला. तो पडद्यावरून सरसर सरकला आणि ढब्बूबाईचं रडणं मध्येच थांबलं. तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कुठे ठेवायचा गं?"

तिने ओला पंजा पडद्यावर आपटला, नेमका खिडकीवर.

"तिथे नको, बाळा. दुपारचं ऊन येईल हिशेब करणाऱ्याच्या तोंडावर," मी म्हणाले, आणि काउंटर डावीकडच्या भिंतीकडे न्यायला लागले.