ऐकायला एक माणूस

सेव्हिल. आषाढी पौर्णिमा, बेचाळीस डिग्री, आभाळात ढगाचा मागमूस नाही. तरी वर्षावास सुरू.

ईस्टरच्या आठवड्यात मिरवणुकीतल्या मेणबत्त्यांचं मेण रस्त्यावर सांडतं. नंतर कित्येक दिवस चपला करकरतात.

नारिंगीची झाडं फुलली की लोक उपासाला लागतात.

साउथहॅम्प्टन. सप्टेंबर सरला नाही तोच दुकानात नाताळचे केक.

वैजयंतीने चष्मा पुसला आणि सेव्हिलचा नंबर लावला. तिकडे रिसीव्हर उचलला गेला, रोजच्यासारखाच न बोलता. मग हातपंख्याची फडफड. तिने स्पीकर चालू केला आणि वाचायला लागली. आज आश्विन पौर्णिमा, शेवटचं प्रकरण.

वर्षावासाचे, म्हणजे बौद्धांच्या पावसाळी व्रताचे, तीन महिने रोज घरात धम्माचा ग्रंथ वाचायचा, आणि ऐकायला एक माणूस तरी हवं, हे तिच्या सासूने घालून दिलेलं. सेव्हिलला असताना लेक रचना हॉस्पिटलातून उशिरा यायची, म्हणून शेजारची म्हातारी एन्कार्ना येऊन बसायची. मराठीचं अक्षर कळत नसे. पंखा हलवत ऐकायची, शेवटी मान डोलवायची. तिचा नवरा खुलिआन भिंतीपलीकडे मुद्दाम टीव्ही मोठा करायचा. ईस्टरला मग वैजयंती तिच्यासोबत रस्त्याकडेला उभी राहायची. खांद्यांवरची ती भलीमोठी मूर्ती डोलत आली की एन्कार्नाला रडू फुटायचं, आणि कुठलीच मूर्ती न मानणारी वैजयंती तिचं कोपर धरून ठेवायची.

यंदा जानेवारीत रचनाला इथे साउथहॅम्प्टनला नोकरी मिळाली. निघताना एन्कार्नाने कागदावर नंबर लिहून दिला. दोघींमध्ये बोलणं असं कधी नव्हतंच, त्यामुळे फोन थेट जुलैत, वाचनाचाच.

रचनाने तेव्हाच सुचवलं होतं.

"आई, हॅरोमधल्या आपल्या लोकांचा ग्रुप झूमवर वाचन करतो. चाळीस लोक असतात, प्रॉपर मराठी."

"सगळे म्यूटवर."

"आणि तुझ्या एन्कार्नाला काय कळतं?"

"तुला तरी कुठे कळतं? ती निदान उठून जात नाही."

आज रचना वेळेत घरी आली होती. शेवटची ओळ वाचून झाल्यावर वैजयंतीने फोन तिच्यापुढे सरकवला.

"सांग तिला, तीन महिने ऐकलंस, बरं वाटलं. नीट सांग, घाईत नको."

रचना स्पॅनिशमध्ये बोलली आणि थांबली. मग तिने स्पीकर बंद केला, फोन कानाला लावून खिडकीकडे वळली. बराच वेळ नुसतं "सी, सी", हो हो, म्हणत राहिली.

"खुलिआनकाका आहेत," फोनवर हात ठेवून ती म्हणाली.

"एन्कार्ना कुठाय?"

रचनाने मान हलवली.

वैजयंती ग्रंथ कापडात गुंडाळत होती. तिचे हात तसेच राहिले.

"ते विचारतायत, उद्या पण आठलाच ना? काय सांगू, संपलं म्हणून?"

आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो. दुसऱ्या दिवशी ग्रंथ कपाटात जायचा. सासूने त्यात कधी कुणाला सवलत दिली नव्हती. वैजयंतीने कापडाची घडी सोडली, पहिलं प्रकरण काढलं आणि खुणेला बसचं तिकीट घातलं.

"सांग, आठलाच."

एन्कार्ना यंदाच्या ईस्टरच्या आधीच्या बुधवारी वारली होती, जुलैतल्या पहिल्या फोनच्याही आधी.